वाचकांचे प्रश्न : जपानचा महिला सॉफ्टबॉल संघ आणि मधली १३ वर्षे

गेल्या अंकातील सांघिक खेळांवरील लेखात जपानच्या महिला सॉफ्टबॉल संघाचा उल्लेख अवघ्या चार ओळींत आला होता. २००८ मध्ये बीजिंगला या संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, त्यानंतर हा खेळच ऑलिंपिकमधून वगळला गेला, आणि २०२१ मध्ये टोकियोला तो परत आला तेव्हा सुवर्णपदक पुन्हा याच संघाकडे गेले, एवढेच आणि बीजिंगला युकिको उएनोने टाकलेल्या ४१३ चेंडूंचा आकडा त्यात होता. त्यावर आलेली पत्रे पाहता या वेळचे संपूर्ण सदर त्याच संघाला द्यावे असे वाटले. पत्रे संक्षिप्त केली असून सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : युकिको उएनो या खेळाडूने बीजिंगला दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले, असे आपण लिहिले आहे. हा आकडा छपाईची चूक तर नाही ना? आणि एका दिवसात दोन सामने का खेळावे लागले? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

उत्तर : आकडा बरोबर आहे, आणि तो आपल्याला खटकला याचा मला आनंद वाटतो, कारण तो खटकण्यासारखाच आहे. आपण क्रिकेट पाहत असाल असे गृहीत धरून सांगतो : ४१३ चेंडू म्हणजे ६८ षटके आणि वर ५ चेंडू. त्यांपैकी ३१८ चेंडू, म्हणजे ५३ षटके, तिने २० ऑगस्ट २००८ या एकाच दिवशी टाकली आणि उरलेले ९५ चेंडू दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात टाकले.

एका दिवसात दोन सामने खेळावे लागण्याचे कारण बाद फेरीच्या रचनेत होते. साखळीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेले संघ आधी एकमेकांशी खेळत, त्यातील विजेता थेट अंतिम फेरीत जाई, आणि पराभूत संघाला आणखी एक संधी मिळे : तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांच्या लढतीतील विजेत्याशी खेळून अंतिम फेरी गाठण्याची. अमेरिका साखळीत पहिली आणि जपान दुसरा होता. त्यांच्यातील सामना नेहमीच्या ७ इनिंगमध्ये (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांना फलंदाजीची एकेक पाळी मिळते) सुटला नाही, तो ९ इनिंगपर्यंत गेला आणि जपान ४-१ असा हरला. त्याच दिवशी संध्याकाळी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना १२ इनिंग चालला आणि जपानने तो ४-३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अमेरिका समोर आली. २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये सलग २२ सामने जिंकत आलेल्या त्या संघाला जपानने ३-१ असे हरवले. जपानच्या एरी यामादाने या सामन्यात होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखा थेट सीमेपार जाणारा फटका, मारला. तिन्ही सामन्यांच्या मिळून २८ इनिंग होतात आणि त्या सगळ्या इनिंगमध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, जागी एकटी उएनो उभी होती. त्या वेळी ती २६ वर्षांची होती. ‘उएनोचे ४१३ चेंडू’ हा शब्दप्रयोग जपानमध्ये इतका रूढ झाला की वर्षभरात गाजलेल्या शब्दांची तिथे दरवर्षी जी निवड होते, तिच्यातही त्याला विशेष मान मिळाला.

ही कथा सहसा एकटीच्या धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु तिला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढच्या प्रश्नाकडे जाववत नाही. निर्णायक २८ इनिंगमध्ये एकदाही दुसऱ्या पिचरच्या हाती चेंडू देता आला नाही, याचा अर्थ त्या संघाचा सारा भार एका खांद्यावर तोललेला होता. तो खांदा टिकला म्हणून पदक मिळाले. पुढच्या १३ वर्षांत या संघाने नेमके काय मिळवले हे मोजायचे असेल, तर मी त्याकडे ‘चेंडू आता कोणाच्या हाती देता येतो’ या प्रश्नातून पाहीन.

प्रश्न : सॉफ्टबॉल हा मुलींसाठी सोपा केलेला बेसबॉल आहे असे आमच्या गावात सर्रास म्हटले जाते. मोठा चेंडू, लहान मैदान, खालून टाकलेला चेंडू, मग त्यात अवघड ते काय? (क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : सर, हा समज आपल्यासारख्या शिक्षकांनीच पुसायला हवा. हा खेळ मुलींसाठी निर्माण झालेला नाही. १८८७ मध्ये शिकागोत, थंडीच्या दिवसांत बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून पुरुषांनी तो सुरू केला. चेंडू मऊही नाही. बारा इंची घेराच्या या चेंडूचे वजन साधारण १७७ ते १९८ ग्रॅम असते, म्हणजे आपल्या ओळखीच्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही तो जड भरतो.

खालून टाकलेला चेंडू सोपा असतो हा गैरसमज अंतराचा विचार न केल्याने होतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचर आणि होम प्लेट (बॅटर जिच्याशेजारी उभी राहते ती पाटी) यांच्यातील अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. उएनो तिच्या भरात ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने चेंडू टाकत असे. हिशेब केला तर तो चेंडू सेकंदाच्या चार दशांशांपेक्षाही कमी वेळात बॅटरपर्यंत पोहोचतो. प्रत्यक्षात पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडते, त्यामुळे तो वेळ आणखी घटतो. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटर वेगाच्या गोलंदाजासमोरसुद्धा फलंदाजाला याहून थोडा अधिक वेळ मिळतो. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा खात नाही, आणि हात गुडघ्याच्या पातळीवरून वर येत असल्यामुळे चेंडू बॅटरच्या डोळ्यांसमोर चढत येतो. धाव पूर्ण करण्यासाठी ज्या टप्प्यांना स्पर्श करत धावायचे त्या बेसमधील अंतर ६० फूट असते, म्हणून क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून फेकण्यात क्षणभर जरी ढिलाई केली तरी धावपटू बेसवर पोहोचलेली असते. मैदान लहान आहे म्हणून खेळ सोपा होत नाही. उलट चुकीला वेळच उरत नाही.

प्रश्न : इतका चांगला खेळ ऑलिंपिकमधून काढला का? आणि ऑलिंपिकच नसताना जपानचा संघ १३ वर्षे टिकून कसा राहिला? आमच्याकडे शालेय स्पर्धांच्या यादीतून एखादा खेळ वगळला की दोन वर्षांत त्याचे मैदानही उरत नाही. (क्रीडा मंडळाचे कार्यकर्ते, अमरावती)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर लहान आहे. महिला सॉफ्टबॉल १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकपासून आला. जुलै २००५ मध्ये सिंगापूरला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने प्रत्येक खेळावर स्वतंत्र गुप्त मतदान घेतले, त्यात सॉफ्टबॉलला ५२ मते बाजूने आणि ५२ मते विरोधात पडली, एक सदस्य तटस्थ राहिला, आणि बहुमत न मिळाल्यामुळे २०१२ पासून हा खेळ वगळला गेला. बेसबॉलही त्याच वेळी गेला. आदल्याच वर्षी अथेन्सला अमेरिकेच्या संघाने संपूर्ण स्पर्धेत ५१ धावा काढून फक्त १ धाव दिली होती, त्यामुळे हा एका देशाचा खेळ आहे असे चित्र निर्माण झाले होते, आणि बेसबॉलच्या अडचणींची सावलीही सॉफ्टबॉलवर पडली. बीजिंगचा तो अंतिम सामना जिंकताना जपानच्या मुलींना ठाऊक होते की पुढच्या ऑलिंपिकमध्ये आपला खेळ नाही. एका मताने हे सारे टळले असते, याची हळहळ मला आजही वाटते.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये १९६८ पासून महिलांची राष्ट्रीय सॉफ्टबॉल लीग आहे आणि तिच्यातील बहुतेक संघ कंपन्यांचे आहेत. खेळाडू त्या कंपनीची कर्मचारी असते. कंपनी तिला पगार, राहण्याची सोय, मैदान आणि प्रशिक्षक देते. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका यांनी कबड्डी, खो-खो आणि हॉकीच्या खेळाडूंना ज्या पद्धतीने आधार दिला, तिच्याशी ही व्यवस्था बरीच जुळते. खेळ ऑलिंपिकमधून वगळला गेला तरी लीगचे सामने दर वर्षी व्हायचेच होते, आणि हेच आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या स्पर्धेवर या संघाचा घरसंसार चालत नव्हता.

हे सारे सुरळीत चालले असे मात्र समजू नका. उएनो ज्या संघातून खेळते त्याचेच उदाहरण घ्या. गुन्मा प्रांतातील ताकासाकी शहराचा हा संघ आधी हिताचीचा होता, नंतर रेनेसास या सेमीकंडक्टर कंपनीचा झाला, आणि २०१५ मध्ये बिक कॅमेरा या विद्युत उपकरणांच्या दुकानांच्या साखळीने तो स्वीकारला. मालक बदलले, जर्सीवरचे नाव बदलले, पण शहर तेच राहिले, मैदानावरच्या माणसांची साखळी तुटली नाही. संघ बंद करणे हा ताळेबंदाच्या दृष्टीने सोपा मार्ग असतो. एका संघाला दुसरा आश्रयदाता मिळेपर्यंत तग धरता आला, ही गोष्ट बातम्यांत दोन ओळींची असली तरी टोकियोच्या सुवर्णपदकाइतकीच मोलाची मानावी लागेल.

लीगचा आणखी एक फायदा झाला. परदेशी खेळाडू तिथे पगारावर खेळायला येत. अमेरिकेची उंच डावखुरी पिचर मोनिका अबॉट, जी बीजिंग आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये जपानविरुद्ध खेळली, ती मधली अनेक वर्षे टोयोटाच्या संघातून लीगमध्ये चेंडू टाकत होती. म्हणजे जपानी बॅटरना जगातील सर्वोत्तम पिचरपैकी एकीचा सराव आपल्या घरच्या मैदानावर, दर हंगामात मिळत होता.

निकालही त्याची साक्ष देतात. जपानने विश्वविजेतेपद पहिल्यांदा १९७० मध्ये ओसाकाला मिळवले होते. त्यानंतर ४२ वर्षांनी, २०१२ मध्ये कॅनडातील व्हाइटहॉर्स येथे, अमेरिकेला अंतिम सामन्यात हरवून ते परत मिळाले, आणि २०१४ मध्ये नेदरलँड्समधील हार्लेमला राखलेही गेले. या दोन्ही वर्षी सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये नव्हता हे ध्यानात घ्यावे. आशियाई स्पर्धांत तर २००२ पासून सलग सहा सुवर्णपदके जपानची आहेत. उएनोने मात्र बीजिंगनंतर काही काळ आपल्यासमोरचे उद्दिष्टच हरवल्याचे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले आहे, आणि मला ते अगदी स्वाभाविक वाटते. शिखर सर केल्यानंतर शिखरच काढून नेले, तर माणसाने चालायचे कोणत्या दिशेने? २०१६ च्या ऑगस्टमध्ये टोकियोसाठी सॉफ्टबॉलचा पुन्हा समावेश झाला, तेव्हा ती ३४ वर्षांची होती.

आणि तरीही चेंडू दुसऱ्या कोणाच्या हाती देता येईल, हा मघाचा प्रश्न सुटलेला नव्हता. २०१८ मध्ये चिबाला, आपल्याच देशात झालेल्या विश्वविजेतेपद स्पर्धेचा अंतिम सामना १० इनिंगपर्यंत लांबला आणि जपान अमेरिकेकडून ७-६ असा हरला. त्या सामन्यातही पिचरच्या जागी ३६ वर्षांची उएनोच होती. पुढच्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, लीगच्या सामन्यात बॅटवरून आलेला चेंडू तोंडावर बसून तिचा खालचा जबडा मोडला आणि तिला काही महिने मैदानाबाहेर राहावे लागले. तिच्याशिवाय संघ उभा कसा राहणार, या प्रश्नाला आता बगल देणे शक्यच नव्हते.

प्रश्न : टोकियोच्या अंतिम सामन्यात उएनोला सहाव्या इनिंगमध्ये बाहेर काढले आणि सातव्यात पुन्हा आत आणले, असे वाचले. एकदा बदललेली खेळाडू परत कशी येऊ शकते? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सॉफ्टबॉलच्या नियमांत त्याला मुभा आहे. सामन्याच्या सुरुवातीच्या यादीत असलेली खेळाडू बदलली गेल्यानंतर एकदा परत येऊ शकते, मात्र फलंदाजीच्या क्रमात तिला आपल्या मूळ जागीच यावे लागते. बेसबॉलमध्ये असे चालत नाही, म्हणून बेसबॉल पाहणाऱ्यांनाही त्या दिवशी नवल वाटले.

२७ जुलै २०२१ रोजी योकोहामाला, महामारीमुळे प्रेक्षक नसलेल्या मैदानावर हा सामना झाला. चौथ्या आणि पाचव्या इनिंगमध्ये एकेक धाव काढून जपान २-० असा पुढे होता. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेची पहिली बॅटर बेसवर पोहोचताच उएनोच्या जागी मिउ गोतो आली. बीजिंगच्या वेळी ७ वर्षांची असलेली ही मुलगी आता २० वर्षांची होती. तिने ती इनिंग धाव न देता निभावली, आणि सातव्या इनिंगमध्ये उएनो परत येऊन तिने सामना संपवला. पाच दिवसांपूर्वी, मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या दिवशीच, तिला ३९ वर्षे पूर्ण झाली होती.

२००८ मध्ये जे करता आले नव्हते ते इथे करता आले. १५ जणींच्या त्या संघात उएनो, गोतो आणि बॅटर म्हणूनही तितकीच धोकादायक असलेली यामातो फुजिता अशा तिघी पिचर होत्या. सोन्याचा रंग दोन्ही वेळा तोच असला, तरी मला दुसरे पदक अधिक मजबूत पायावर उभे असल्याचे वाटते.

प्रश्न : संघाच्या प्रशिक्षक रेइका उत्सुगी मूळच्या चीनच्या आहेत हे खरे का? आणि आधीच्या प्रशिक्षकांचे आडनावही उत्सुगीच होते. त्या दोघी बहिणी आहेत का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पहिले खरे आहे, दुसरे नाही. रेइका उत्सुगी यांचा जन्म १९६३ मध्ये बीजिंगला झाला आणि त्यांचे मूळ नाव रेन यानली. चीनच्या राष्ट्रीय संघातून खेळून झाल्यावर १९८८ मध्ये त्या जपानला आल्या, त्या ताएको उत्सुगी यांच्यामुळे. ताएको या स्वतः जपानच्या नामांकित खेळाडू, नंतर ताकासाकीच्या संघाच्या आणि राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक. १९९५ मध्ये जपानचे नागरिकत्व घेताना रेइका यांनी आपल्या गुरूचे आडनाव स्वीकारले. रक्ताचे नाते नसताना आडनाव घेण्याइतका विश्वास एका प्रशिक्षकाने कमवावा, यापुढे कोणते पदक मोठे मानायचे हे मला सांगता येणार नाही.

सिडनीला २००० मध्ये ताएको प्रशिक्षक आणि रेइका बॅटर होत्या. त्या स्पर्धेत जपान एकही सामना न गमावता अंतिम फेरीत पोहोचला, साखळीत त्याने अमेरिकेलाही ११ इनिंगच्या सामन्यात हरवले होते. अंतिम सामन्यात रेइका यांच्या होमरनने जपानला आघाडी मिळाली, पण अमेरिकेने बरोबरी साधली आणि आठव्या इनिंगमध्ये, पावसाने ओल्या झालेल्या मैदानावर, डावीकडे उंच गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटला. जपान २-१ असा हरला. त्या क्षेत्ररक्षक खेळाडूचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही. संपूर्ण स्पर्धेतील एकमेव पराभव एका निसटलेल्या झेलाच्या नावावर लिहिणे अन्यायाचे आहे.

पुढे २०१२ आणि २०१४ ची विश्वविजेतेपदे आणि टोकियोचे सुवर्णपदक रेइका यांच्या मार्गदर्शनाखाली आले. २००८ च्या संघाच्या प्रशिक्षक हारुका साइतो याही सिडनीच्या संघातील खेळाडू होत्या. एका पिढीच्या हातून निसटलेले पदक त्याच पिढीने प्रशिक्षक होऊन पुढच्या मुलींकरवी मिळवून दिले, असा तो क्रम आहे.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची असून शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर आहे. जिल्हास्तरीय स्पर्धेत तिच्याकडून सगळे सामने टाकून घेतले जातात. खांदा दुखतो म्हटले की ‘जपानच्या मुलीने ४१३ चेंडू टाकले, तू शंभराने दमलीस का’ असे तिला ऐकवले जाते. मी काय करावे? (विद्यार्थिनीची आई, जळगाव)

उत्तर : ताई, सर्वप्रथम तिचे चेंडू टाकणे थांबवा आणि तिला अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. बाकीचे सारे नंतर.

ज्या आकड्याचा तिच्यापुढे दाखला दिला जातो तो या सदरातही आला आहे, म्हणून माझ्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. उएनो त्या वेळी २६ वर्षांची, पूर्ण वाढलेल्या हाडांची, रोजच्या देखरेखीखाली सराव करणारी, कंपनीच्या संघातील पगारी खेळाडू होती, आणि तो तिच्या आयुष्यातील सर्वात मोठ्या स्पर्धेचा शेवट होता. आपली मुलगी वाढीच्या वयात आहे आणि जिल्ह्याची स्पर्धा पुढच्या वर्षीही होणार आहे. या दोन गोष्टींची तुलना करणे चूक आहे.

खालून टाकलेल्या चेंडूमुळे खांद्याला काही होत नाही, असाही समज प्रशिक्षकांत आढळतो. हाताचा पूर्ण वर्तुळाकार फेरा घेऊन चेंडू सोडताना खांद्याच्या पुढच्या भागावर, दंडाचा स्नायू जिथे वर जोडला जातो तिथे, मोठा ताण येतो. कोपर, मनगट आणि कंबर यांनाही त्याचा वाटा सोसावा लागतो. बेसबॉलच्या पिचरना दुखापती होतात तशा सॉफ्टबॉलच्या पिचरनाही होतात, फक्त त्यांच्याविषयी फार उशिरा बोलले जाऊ लागले. दुखणे म्हणजे दमणे नव्हे, हा फरक मुलीलाही समजावून सांगा, म्हणजे ती दुखणे लपवणार नाही.

शाळेशी भांडण करावे असे मी सुचवत नाही. शिक्षकांना भेटून एवढेच विचारा की संघात दुसरी पिचर कोण आहे. नसेल तर ती या हंगामापासून तयार करायला घ्या म्हणावे. वर्गातली एखादी उंच, लांब हातांची, शांत स्वभावाची मुलगी सहज सापडेल. चेंडू टाकायचा नसेल त्या सामन्यात आपल्या मुलीला पहिल्या बेसवर उभे राहता येईल, बॅटिंग करता येईल. मात्र खांदा बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच. आणि पुन्हा कोणी उएनोचे उदाहरण दिले, तर त्यांना टोकियोचा सामना दाखवा, ज्यात तीच उएनो सहाव्या इनिंगमध्ये चेंडू दुसरीच्या हाती देऊन डगआऊटमध्ये गेली होती.

प्रश्न : पॅरिसला २०२४ मध्ये सॉफ्टबॉल नव्हता. आता पुढे काय? (वाचक, पणजी)

उत्तर : पॅरिसने हा खेळ घेतला नाही, परंतु २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. याचा निर्णय आपल्या मुंबईत झाला हे बहुतेकांच्या लक्षातून निसटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते, आणि ज्या मतदानाने क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत आले त्याच मतदानाने बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही परत आले. आपली वृत्तपत्रे त्या दिवशी क्रिकेटने भरून गेली होती, ते साहजिकही होते. सॉफ्टबॉलला मात्र दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. सॉफ्टबॉलचे सामने लॉस एंजेलिसला न होता ओक्लाहोमा सिटीला होतील, कारण या खेळासाठी खास बांधलेले मोठे मैदान तिथे आहे.

दरम्यान जपानमधील जुन्या लीगची २०२२ मध्ये १६ संघांची नवी लीग झाली, आणि २०२४ मध्ये इटलीत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत अमेरिकेला हरवून जपान पुन्हा विश्वविजेता झाला. पॅरिसचे ऑलिंपिक सुरू होण्याच्या सुमारास, त्यात स्थान नसताना, हे घडले.

प्रश्न : मी नववीत आहे आणि शाळेच्या संघात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, खेळते. टोकियोचा अंतिम सामना मला पाहायचा आहे. त्यात मी काय पाहू? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : सहावी इनिंग पाहा. गोतो चेंडू टाकत असताना अमेरिकेच्या अमांडा चिडेस्टरने तिसऱ्या बेसच्या दिशेने सरळ, जोरदार फटका मारला. तो तिसऱ्या बेसवरच्या यू यामामोतोच्या हाताला लागून उडाला, शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने तो जमिनीला लागण्याआधी झेलला आणि लगेच दुसऱ्या बेसकडे फेकला. चेंडू सुटला असे समजून पुढे निघालेली धावपटूही बाद झाली. अमेरिकेची धाव होता होता दोन गडी गेले.

पहिल्यांदा पाहाल तेव्हा हा नशिबाचा भाग वाटेल. दुसऱ्यांदा पाहताना चेंडूकडे लक्ष देऊ नका, फक्त आत्सुमीकडे पाहा. फटका तिच्याकडे आलेला नसतानाही ती त्या दिशेने निघालेली आहे, कारण तिसऱ्या बेसकडे गेलेल्या प्रत्येक चेंडूच्या मागे जाऊन उभे राहणे हे शॉर्टस्टॉपचे रोजचे काम असते. सरावात तुमच्या सरांनी हे पन्नास वेळा करून घेतले असेल आणि पन्नासही वेळा चेंडू तुमच्यापर्यंत आला नसेल. तिसऱ्यांदा तिचे पाय पाहा : झेल घेताना ती पडलेली नाही, म्हणून पुढच्या क्षणी फेकू शकली. उद्याच्या सरावात तिसऱ्या बेसवरच्या मैत्रिणीला सांगा की तिने चेंडू मुद्दाम हाताला लावून सोडून द्यावा, आणि तुम्ही मागून धावत या.